समुद्री गवत आणि विषारी शैवाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनाऱ्यालगत वाढणाऱ्या वनस्पतींच्या मदतीने समुद्रातील घातक शैवालाला आवर घालता येतो का, याचा सर्वांत चिकाटीने अभ्यास जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्रात आणि अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील प्यूजेट साउंड या आखातात झाला आहे. त्यामुळे खालची बहुतेक उत्तरे त्या दोन ठिकाणांच्या अनुभवावर आधारलेली आहेत. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्याला त्यातले काय लागू पडते आणि काय पडत नाही, याचा विचार शेवटच्या काही प्रश्नांत केला आहे.

शैवालाचा घातक बहर म्हणजे काय?

समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय वनस्पती सतत तरंगत असतात. त्यांना वनस्पती प्लवक म्हणतात आणि समुद्रातील जवळजवळ सगळे जीवन त्यांच्यावर पोसलेले असते. ऊन, उबदार व स्थिर पाणी आणि नायट्रोजन-फॉस्फरसचा मुबलक पुरवठा एकत्र आला, की यांतली एखादी जात काही दिवसांत भरमसाट वाढते आणि पाण्याचा रंग लाल, तपकिरी किंवा हिरवा होतो. यालाच बहर म्हणतात.

प्रत्येक बहर वाईट नसतो, उलट मासेमारीचे चांगले हंगाम डायटम नावाच्या वनस्पती प्लवकांच्या बहरावरच उभे असतात. बहर घातक ठरतो तो तीन प्रकारे. काही जाती माशांचे कल्ले निकामी करतात. काही जाती विष तयार करतात आणि ते कालवे, तिसऱ्या, शिणाणे यांच्या अंगात साठते. काही जाती स्वतः निरुपद्रवी असतात, पण मेल्यावर कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात. रंग पाहून यांतले काहीच ओळखता येत नाही. विषारी जात पाण्याचा रंग न बदलताही हजर असू शकते.

समुद्री गवत हेसुद्धा शैवालच नव्हे का?

नाही, आणि हा गैरसमज फार सर्वदूर आहे. समुद्री गवत ही सपुष्प वनस्पती आहे. तिला मुळे असतात, जमिनीखाली आडवे पसरणारे खोड असते, ती पाण्याखाली फुलते आणि तिला बी धरते. किनाऱ्यावर वाहून येणारे सर्व प्रकारचे शेवाळ, म्हणजे डोळ्यांना दिसणारे मोठे शैवाल, मुळाविना, फुलाविना वाढते. या चर्चेत ज्या गवताचे नाव वारंवार येते ते म्हणजे झोस्टेरा मरीना. जपानी लोक त्याला अमामो म्हणतात. त्याची पाने फितीसारखी, जेमतेम सेंटिमीटरभर रुंद पण पुष्कळदा मीटरभर लांब असतात, आणि भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर सगळे कुरण एका बाजूला झुकते.

असे पान बोटांत धरून खालपासून टोकापर्यंत ओढले, तर कोवळ्या बुडाशी ते स्वच्छ व गुळगुळीत लागते आणि टोकाकडे जाता जाता बुळबुळीत होत जाते. ती बुळबुळ म्हणजे पानावर वस्तीला आलेल्या जीवाणूंचा आणि सूक्ष्म जीवांचा थर. पान जितके जुने तितका थर दाट. या पानाचे सगळे महत्त्व आपल्या विषयापुरते त्या थरात आहे.

गवताचा आणि विषारी शैवालाचा संबंध आहे, ही कल्पना आली कुठून?

होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या तीन बेटांच्या मधल्या सेतो अंतर्देशीय समुद्राभोवती दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचंड कारखानदारी उभी राहिली. उथळ किनारे भर घालून बुजवले गेले, नद्यांतून सांडपाणी आले, पाणी गढूळ झाले. 1972 च्या उन्हाळ्यात या समुद्राच्या पूर्वेकडील हारिमा-नादा भागात चॅटोनेला नावाच्या शैवालाचा बहर आला आणि पिंजऱ्यांत वाढवलेले सुमारे 1 कोटी 40 लाख हामाची मासे मेले. नुकसान सुमारे 710 कोटी येनांचे होते. 1973 मध्ये या समुद्राच्या संरक्षणासाठी खास कायदा झाला, 1978 मध्ये तो कायमस्वरूपी करण्यात आला. तरीही 1976 या एकाच वर्षात तिथे 299 लाल बहर नोंदले गेले. सांडपाण्यावर नियंत्रण आल्यानंतर पुढच्या दशकात ही संख्या वर्षाला शंभराच्या आसपास आली.

याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती, पण तिच्याकडे कोणी बहराशी जोडून पाहिले नव्हते. 1960 च्या सुमारास या समुद्रात 22,000 हेक्टरांहून अधिक अमामोची कुरणे होती, आणि पुढच्या तीन दशकांत त्यांतली एक-तृतीयांशसुद्धा उरली नाहीत. जपानी संशोधक इचिरो इमाई आणि त्यांचे सहकारी चॅटोनेलासारख्या शैवालांना मारणाऱ्या जीवाणूंवर बरीच वर्षे काम करीत होते. असे जीवाणू मोकळ्या पाण्यात बहर ओसरताना वाढलेले दिसत. पण बहर नसताना ते राहतात कुठे, हा प्रश्न होता. शोध घेतल्यावर ते किनाऱ्याच्या शेवाळांवर आणि अमामोच्या पानांवर मोठ्या संख्येने सापडले. म्हणजे कुरणे नाहीशी झाली तेव्हा माशांची पाळणाघरे गेलीच, पण बहराला रोखणाऱ्या जीवाणूंची वस्तीही उठली. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट ही आहे. वनस्पती काय करते याइतकेच तिच्या अंगावर कोण राहते, हे पाहायला तिने शिकवले.

पानावरचे जीवाणू शैवालाला मारतात, हे कसे पाहतात?

पद्धत साधी आहे. पानाचा तुकडा निर्जंतुक केलेल्या समुद्राच्या पाण्यात टाकून बाटली हाताने शेकडो वेळा जोरात हलवतात, म्हणजे पानावरचा थर सुटून पाण्यात येतो. ते पाणी टप्प्याटप्प्याने पातळ करीत जातात आणि प्रत्येक टप्प्यातला थेंब छोट्या खणांच्या पारदर्शक ताटलीत घालतात. प्रत्येक खणात विषारी शैवालाची जिवंत पेशीवस्ती आधीच ठेवलेली असते. मग रोज ती ताटली सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची.

निरोगी चॅटोनेला पेशी सोनेरी-तपकिरी, चातीसारखी दोन्ही टोकांना निमुळती असते आणि स्वतःभोवती गिरक्या घेत पुढे सरकते. तिला कठीण आवरण नसते. जीवाणूंचा हल्ला झाला, की आधी तिची चाल मंदावते, मग निमुळता आकार जाऊन ती गोल होते, आणि शेवटी फुटते. खणाच्या तळाशी केवळ तपकिरी कणांचा चुरा उरतो. थर किती पातळ केल्यावरही पेशी मरतात, यावरून पानावर असे जीवाणू किती आहेत याचा हिशोब मांडतात. एका ग्रॅम ओल्या पानामागे ही संख्या लाखांच्या घरात, कधी त्याहूनही वर जाते. कुरणाच्या आसपासच्या पाण्यातही हे जीवाणू मिळतात, कारण पानांवरून ते सतत सुटत असतात.

पक्षाघाती विष तयार करणाऱ्या अलेक्झांड्रियम या डायनोफ्लॅजेलेटला (चाबकासारख्या दोन शेपट्यांनी पोहणाऱ्या एकपेशीय प्लवकाला) मारणारे जीवाणू मिळवणे मात्र अधिक कठीण गेले. 2014 मध्ये इमाई यांच्या गटाने झोस्टेराच्या पानांवर या शैवालाची वाढ रोखणारे जीवाणू असल्याचे दाखवले. वाढ रोखणे आणि मारणे यांत फरक आहे, पण ज्याची संख्या वाढतच नाही त्याचा बहर येत नाही, त्यामुळे हा फरक किनाऱ्यावरच्या माणसाला फारसा जाणवणारा नाही.

हे प्रयोगशाळेत झाले. प्रत्यक्ष समुद्रात काही दिसते का?

दिसते, पण मर्यादित प्रमाणात. जपानी संशोधक नोबुहारू इनाबा आणि अमेरिकेच्या शासकीय मत्स्यविज्ञान केंद्रातील व्हेरा ट्रेनर यांनी सहकाऱ्यांसह प्यूजेट साउंडमध्ये हाच शोध घेतला आणि तिथल्या झोस्टेरावर व शेवाळांवरही असे जीवाणू असल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे ही गोष्ट एकट्या जपानपुरती नव्हती.

त्यानंतर 2020 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एमिली जेकब्स-पामर आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या रीतीने पाहिले. त्यांनी कुरणाच्या आत, काठावर आणि कुरणापासून दूर जाणाऱ्या रेषेवर पाण्याचे नमुने घेतले आणि पाण्यात सापडणाऱ्या जनुकीय खुणांवरून तिथे कोणते जीव आहेत हे ओळखले. कुरणात डायनोफ्लॅजेलेटांच्या खुणा लक्षणीयरीत्या कमी होत्या, आणि हा परिणाम कुरणाच्या काठावर थांबत नव्हता, तर बाहेर सुमारे 15 मीटरपर्यंत पोहोचत होता. दिव्याभोवती उजेडाचे कडे असते तसे हे कडे आहे.

15 मीटर हा आकडा नीट लक्षात ठेवावा असा आहे. कालवांच्या वाफ्याशेजारी कुरण असेल तर 15 मीटर पुष्कळ आहेत. अख्ख्या आखाताचा विचार केला तर ते काहीच नाहीत. गवताचे गुणगान करणाऱ्या लेखांत हा आकडा क्वचित दिसतो, आणि मला वाटते तो आधी सांगायला हवा.

हे जीवाणू वाढवून थेट समुद्रात का सोडू नयेत?

हा विचार सहज सुचतो आणि अनेकांनी करूनही पाहिला आहे. अडचणी तीन आहेत. समुद्रात सोडलेले जीवाणू काही तासांत पांगतात आणि सूक्ष्म भक्षक त्यांना खाऊन टाकतात, त्यामुळे त्यांची संख्या टिकत नाही. दुसरे म्हणजे यांतले काही जीवाणू निवडक नसतात. जो जीवाणू चॅटोनेलाला मारतो तोच कालवांचे अन्न असलेल्या डायटमांनाही मारू शकतो. तिसरे म्हणजे एकदम मारलेल्या पेशी फुटल्या, की त्यांच्यातले विष आणि सेंद्रिय द्रव्य एकाच वेळी पाण्यात येते. पानावर राहणारे जीवाणू थोड्या प्रमाणात पण अखंड सुटत राहतात आणि त्यांना घर असते. हा फरक मोठा आहे.

गवताचा परिणाम केवळ जीवाणूंमुळे होतो का?

नाही. कुरण पाण्याचा वेग मंदावते, त्यामुळे गाळ आणि त्याबरोबर आलेली पोषकद्रव्ये तळाशी बसतात. पाने व मुळे वाढीसाठी नायट्रोजन-फॉस्फरस शोषून घेतात. मुळांभोवतीच्या चिखलात असे जीवाणू असतात जे नायट्रेटचे वायुरूप नायट्रोजन करून तो हवेत परत पाठवतात, आणि ही वजाबाकी कायमची असते. झोस्टेराच्या पानांत फिनॉल वर्गातील रसायनेही असतात आणि त्यांचा अर्क सूक्ष्म शैवालाची वाढ रोखतो, हे 1980 च्या सुमारासच दाखवले गेले होते. समुद्रात या चारांपैकी कोणाचा वाटा किती, हे ठिकाणानुसार आणि ऋतूनुसार बदलते, कारण हिवाळ्यात पाने झडलेले कुरण आणि जूनमधले दाट कुरण यांचे काम सारखे असूच शकत नाही.

बहर आल्यावर गवत लावले तर उपयोग होईल का?

होणार नाही. बहर काही दिवसांत येतो आणि काही आठवड्यांत जातो. कुरण उभे राहायला वर्षे लागतात. शिवाय बहराच्या गढूळ पाण्यात रोपांना ऊन मिळत नाही आणि ती मरतात. चालू बहरावर तातडीचा उपाय म्हणून दक्षिण कोरियात 1990 च्या दशकाच्या मध्यापासून ह्वांगतो नावाची पिवळी माती पाण्यावर फवारली जाते. मातीच्या कणांना चिकटून शैवाल तळाशी जाते. त्यालाही तोटे आहेत, पण तो त्या घडीचा उपाय आहे. गवत त्या घडीच्या कामाचे नाही. त्याचे काम बहर उभा राहू नये यासाठी बारा महिने चालते.

गवतच बहराने मरते, असेही ऐकले आहे. मग कोण कोणाला रोखते?

दोन्ही खरे आहे, आणि म्हणूनच कुरण गमावणे इतके महागात पडते. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरील इंडियन रिव्हर लगून या खाजणात 2011 मध्ये असाधारण मोठा बहर आला. सांडपाण्याच्या टाक्या आणि खतांतून आलेल्या पोषकद्रव्यांवर ते शैवाल वाढले होते. पाणी इतके अपारदर्शक झाले, की तळाच्या गवताला ऊन मिळेना आणि त्याचा मोठा भाग नष्ट झाला. पुढच्याच वर्षी तिथे तपकिरी शैवालाचा आणखी एक बहर आला. मेलेले गवत कुजून त्यातली पोषकद्रव्ये पाण्यात परतली आणि ती पुढच्या बहरांना मिळाली. गवत खाऊन जगणारे मॅनटी हे संथ, अवाढव्य जलचर उपाशी राहू लागले. 2021 या वर्षात संपूर्ण फ्लोरिडात 1,100 मॅनटी मेले, आणि त्यांतल्या अनेकांच्या मृत्यूचे कारण उपासमार होते.

निरोगी कुरण लहान बहर दाबून ठेवते, पण पोषकद्रव्यांचा ओघ एका मर्यादेपुढे गेला तर बहर कुरणाला दाबतो. त्यामुळे सांडपाणी तसेच ठेवून गवत लावण्याची योजना कोणी मांडली, तर ती पैशाची आणि रोपांची नासाडी आहे, असे स्पष्ट म्हणायला हवे.

गेलेले कुरण परत आणता येते का?

येते. याचे मला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण सेतो अंतर्देशीय समुद्रकाठच्या ओकायामा प्रांतातील हिनासे या मासेमारी गावाचे आहे. तिथे 1940 च्या दशकात सुमारे 590 हेक्टर अमामो होते. 1985 मध्ये 12 हेक्टर उरले होते. तोपर्यंत मच्छीमार अमामोला अडगळच समजत, कारण वाहती पाने होड्यांच्या पंख्यांत अडकतात. पण उथळ पाण्यात स्थिर जाळी लावणाऱ्यांच्या लक्षात आले, की गवत गेले तसे जाळ्यात येणारे मासेही गेले. बाहेरून कोणी योजना आणण्याची वाट न पाहता त्यांनी स्वतःच गवत पेरायला सुरुवात केली.

काम असे चाले. उन्हाळ्याच्या तोंडाशी बी धरलेले देठ कापून आणायचे, जाळीच्या पिशव्यांत भरून पाण्यात टांगून ठेवायचे, बी पक्व होऊन देठ कुजला की ते वेगळे करायचे, पोकळ बी बाजूला काढायचे, आणि शरद ऋतूत पाणी थंड होऊ लागले की चांगले बी उथळ पाण्यात पेरायचे. एक बी तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान असते. हजारो हजार दाणे टाकूनही सुरुवातीची अनेक वर्षे विशेष काही उगवले नाही, कारण पाणी अजून गढूळ होते आणि तळ मऊ होता. नंतर पाण्याची पारदर्शकता सुधारली, कालवांची टरफले टाकून तळ स्थिर करण्यात आला, आणि कुरण स्वतःच्या बियांवर पसरू लागले. 2015 च्या सुमारास ते सुमारे 250 हेक्टरांपर्यंत पोहोचले. गावच्या माध्यमिक शाळेतील मुले आजही वाहून आलेले देठ गोळा करून बी काढण्याच्या कामात असतात.

30 वर्षे लागली. ज्यांनी पहिली पेरणी केली त्यांतले काही जण हे कुरण पाहायला राहिले नसतील, तरी त्यांनी पेरणी सोडली नाही.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्याच्या समुद्राकडील खाजणांत 1930 च्या दशकातील रोग आणि 1933 च्या वादळाने झोस्टेरा पूर्ण नाहीसे झाले होते. तिथे 1999 पासून 7 कोटींहून अधिक बिया पेरल्यावर सुमारे 3,600 हेक्टर कुरण उभे राहिले. तिथले पाणी आधीपासून स्वच्छ होते, हे त्या यशाचे मुख्य कारण आहे.

मग पाण्यातली पोषकद्रव्ये शक्य तितकी काढून टाकावीत, एवढेच ना?

सेतो अंतर्देशीय समुद्राने याचेही उत्तर दिले आहे, आणि ते अनपेक्षित आहे. सांडपाण्यावरील नियंत्रण इतके यशस्वी झाले, की काही भागांत नायट्रोजन कमी पडू लागला. तिथे पिकवल्या जाणाऱ्या नोरी शेवाळाचा काळा रंग उतरला आणि त्याला बाजारात भाव मिळेना. शिंपल्यांचे उत्पादनही घटले. 2021 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ठरावीक भागांत पोषकद्रव्यांचा पुरवठा नियोजनपूर्वक करण्याची मुभा देण्यात आली. ज्या किनाऱ्यांवर सांडपाणी आजही प्रक्रियेविना समुद्रात जाते, त्यांनी या उदाहरणाचा आधार घेऊन हात झटकू नयेत. तो प्रश्न त्यांच्यापासून फार लांब आहे.

गवताऐवजी शेवाळाची शेती केली तर?

हिरव्या आणि लाल शेवाळांवरही शैवालनाशक जीवाणू मोठ्या संख्येने राहतात, म्हणून माशांच्या पिंजऱ्यांशेजारी शेवाळ वाढवावे अशी सूचना इमाई यांनीच केली होती. शेवाळ पोषकद्रव्येही झपाट्याने शोषते. पण पीक वेळेवर काढून पाण्याबाहेर नेले तरच त्याचा उपयोग, नाहीतर ते तिथेच कुजते. शिवाय मोठे शेवाळ स्वतःच बहर होऊ शकते. 2008 मध्ये ऑलिंपिकच्या शिडाच्या नौकांच्या शर्यतींपूर्वी चीनच्या छिंगताओ किनाऱ्यावर अल्व्हा या हिरव्या शेवाळाचा इतका थर आला, की 10 लाख टनांहून अधिक शेवाळ उचलावे लागले. ते दक्षिणेकडील जिआंग्सू किनाऱ्यावरच्या नोरी शेतीच्या दोऱ्यांवरून सुटून वाढत आले होते, असे नंतर आढळले.

झोस्टेरा मरीना कोकणात किंवा गोव्यात लावता येईल का?

येणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. ते थंड व समशीतोष्ण पाण्याचे गवत आहे. पाणी 28-30 अंश सेल्सिअसच्या वर गेले की ते खंगते. आपल्या खाड्यांत पावसाळ्यात गोडे पाणी आणि गाळ लोटतो, तोही त्याला सोसवणार नाही. परदेशी जात आणण्याचा धोका वेगळाच.

आपल्याकडे आपले गवत आहे. मांडवीच्या मुखाकडील भागात हॅलोफिला बेकारीचे पट्टे असल्याचा अभ्यास 1981 मध्येच प्रसिद्ध झाला होता. हे गवत इतके लहान असते, की ओहोटीत चिखलावर ते शेवाळाच्या हिरव्या डागासारखे वाटते. वाकून पाहिल्यावर कळते, की प्रत्येक बारीक देठावर सेंटिमीटरभर लांबीच्या चिंचोळ्या पानांचा झुबका आहे आणि त्यावर चिखलाची पातळ पूड बसली आहे. पाय पडला तर रोप उपटून येते. ही जात जगभर असुरक्षित मानली जाते. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांत समुद्री गवताची कुरणे सर्वाधिक संरक्षण असलेल्या वर्गात येतात, म्हणजे कायदा आहे. पट्टा कुठे आहे हे माहीत नसल्यामुळे मात्र त्यावर वाळू उपसणारी होडी सहज नांगर टाकते.

मीटरभर उंचीच्या झोस्टेराच्या कुरणाचे निष्कर्ष दोन-तीन सेंटिमीटरच्या हॅलोफिलाला जसेच्या तसे लावू नयेत. पानाचे क्षेत्रफळच इतके कमी, की जीवाणूंची एकूण वस्तीही कमीच असणार.

कांदळवनाचा उपयोग होतो का?

होतो, पण मुख्यतः पोषकद्रव्यांच्या बाजूने. तिवर, चिपी, कांदळ यांच्या मुळांमध्ये गाळ अडकतो आणि त्या काळ्या, प्राणवायू नसलेल्या चिखलात नायट्रेट वायुरूप होऊन निघून जाते. खाडीतून समुद्राकडे जाणारे खत आणि मैला यांतला काही भाग तिथे कमी होतो. कांदळवनाची क्षमता मात्र अमर्याद नाही. शहराचा नाला थेट तिवरांत सोडून त्याला शुद्धीकरण म्हणणे, म्हणजे झाडांवर त्यांचे नसलेले काम लादणे आहे. कांदळवन तोडून तिथे कोळंबीचे तलाव काढले, तर दोन्ही बाजूंनी नुकसान होते: चाळणी जाते आणि तलावांचे पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी त्याच खाडीत येते.

रात्री किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकतात, तो बहर गवताने रोखता येईल का?

ती चमक बहुतेक वेळा नॉक्टिल्युका या डायनोफ्लॅजेलेटची असते. अरबी समुद्रात हिवाळ्याच्या अखेरीस येणारे त्याचे हिरवे बहर खोल, मोकळ्या समुद्रात तयार होतात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसह अनेकांनी त्यांचा अभ्यास केला आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी गोव्याच्या पाण्यावर भुश्शासारखा दिसणारा ट्रायकोडेस्मियमचा तवंगही मोकळ्या समुद्रातून येतो. किनाऱ्याचे कोणतेही कुरण किंवा कांदळवन यांना उगमाशी रोखू शकत नाही. जे बहर खाडीत किंवा आखातात, सांडपाण्याच्या आधाराने उभे राहतात, त्यांच्यापुरतीच ही चर्चा आहे.

गवत असलेल्या खाडीतल्या तिसऱ्या, कालवे खायला सुरक्षित मानावेत का?

केवळ गवत आहे म्हणून मुळीच मानू नयेत. पक्षाघाती विष शिजवल्याने, तळल्याने किंवा लिंबू पिळल्याने जात नाही, आणि त्याला चव वा वास नसतो. हे लांबच्या देशांतले संकट नाही. 1983 मध्ये मंगळूरजवळच्या कुंबळे खाडीतील तिसऱ्या खाऊन लोकांना अशी विषबाधा झाली होती. खाल्ल्यावर ओठ, जीभ किंवा बोटांची टोके बधिर झाली, मुंग्या आल्या, तर वाट न पाहता रुग्णालयात जावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे, कारण पुढची पायरी श्वसनाच्या स्नायूंची असते. पाण्याचा रंग बदललेला असताना किंवा मासे मरून वर आलेले असताना त्या खाडीतले शिंपलेवर्गीय काहीही काढू नये.

खाडीकाठच्या गावाला आज काय करता येईल?

आधी आपल्याकडे काय आहे ते पाहावे. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला, तिसऱ्या काढायला जाणाऱ्या बायकांना बरोबर घेऊन खाडीचा उथळ काठ चालावा. चिखलाची खरी ओळख त्यांनाच असते. हिरवा पट्टा दिसला तर उपटू नये, जवळून छायाचित्र काढावे, शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवावे, जागा व तारीख लिहून ठेवावी, आणि ती नोंद वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे द्यावी. तीच फेरी पावसाळ्यानंतर पुन्हा करावी, कारण ही गवते पुष्कळदा पावसाळ्यात दिसेनाशी होतात आणि हिवाळ्यात परत येतात; एका भेटीवरून ‘इथे काही नाही’ असे ठरवू नये.

पट्टा सापडला, की तिथे नांगर टाकू नये, वाळू उपसू देऊ नये आणि गावचा नाला त्याच्या वरच्या अंगाला येणार नाही हे ग्रामसभेत मांडावे. पाण्याचा रंग बदलला तर त्याचीही तारीख त्याच वहीत लिहावी. हिनासेच्या मच्छीमारांकडे सुरुवातीला याहून जास्त काही नव्हते: जाळ्यात पूर्वी काय येत असे याची आठवण आणि उथळ पाण्याची रोजची ओळख.